पांगुळगाड्याला ब्रेक कुठे असतो?

गेल्या वर्षी मे महिन्यात ताई नेदरलँड्सहून मालवणला आली, तेव्हा तिच्यासोबत दहा महिन्यांची भाची होती आणि एक बाबागाडी. बाबागाडीचं वजन भाचीपेक्षा जास्त होतं. तिचं काम मात्र तिहेरी होतं. तान्ह्या बाळाला आडवं झोपवता येतं, ते बसायला लागलं की सीट उलटी फिरवता येते आणि त्याहून मोठं झालं की मागे एक फळी अडकवून त्याला उभं करून नेता येतं. किंमत ताईने सांगितली नाही, भावोजींनी सांगितली. आई म्हणाली, "येवढ्या पैशात म्हस इली असती."

आमच्या घरी यायचं तर डांबरी रस्त्यावरून जांभ्या चिऱ्याच्या सतरा पायऱ्या उतराव्या लागतात. त्या पायऱ्यांवरून भाची ताईच्या कडेवर बसून आली आणि बाबागाडी माझ्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी चिवला बीचवर नेली, तर पुढची दोन छोटी चाकं वाळूत रुतली आणि मी नांगर धरल्यासारखा मागे उभा राहिलो. चौथ्या दिवशी आईने त्या गाडीत कोकमाची सोलं वाळत घातली. जाळीचं कापड, खालून वारा, वरून ऊन आणि सावली सरकली की आख्खी गाडी सरकवायची. "सोलां बरी सुकतत," असं प्रशस्तिपत्रही तिने दिलं.

इथवर सगळं विनोदी होतं. पुढचं नाही.

भाची धरून उभी राहायला लागली होती. मी मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, मे महिन्यात घरून काम. मामा म्हणून काहीतरी करावं म्हणून मी ऑनलाइन एक वॉकर मागवला. तुम्ही पाहिला असेल: प्लास्टिकचं कडं, मधे कापडी सीट, खाली सहा भिरभिरती चाकं, समोर गाणी वाजवणारी बटणं. आमच्या घरात पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, आता गुळगुळीत टाइल्स आहेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची माजघरातून निघाली, पडवी ओलांडली आणि पडवीच्या पायरीवरून वॉकरसकट खळ्यात गेली. मी चार पावलांवर होतो, मीटिंगमध्ये, कानात हेडफोन. भुवईच्या वर दोन टाके पडले. ताई मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी वाचायला बसलो. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात अशा बसायच्या वॉकरमुळे पंधरा महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक मुलांना इमर्जन्सी विभागात न्यावं लागलं. बहुतेकांना इजा डोक्याला किंवा मानेला आणि चारातली जवळपास तीन मुलं जिन्यावरून पडलेली. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरवर बंदीच घातली. कारण साधं आहे. बाळाच्या पायात सेकंदाला एक मीटर जायची अक्कल यायच्या आधी हे यंत्र त्याला तो वेग देतं, आणि सेकंदाला एक मीटर या वेगाने चार पावलांवरचा मामा पोचत नाही.

सकाळी आईने माळ्यावरून पांगुळगाडा काढून दिला. ती स्वतः, तिचे दोन भाऊ, मग ताई आणि मी, सगळे त्यावर चाललो. आजोबांनी तो सावंतवाडीहून आणला होता. तीन लाकडी चाकं, पुढे एक आणि मागे दोन. त्रिकोणी चौकट, मागच्या कण्यापाशी दोन उभे खुंट आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा. लाखेचा लाल-पिवळा रंग फक्त खाचांमध्ये उरलेला. ढकलला की तो असा कुरकुरायचा की कुत्रा उठून जायचा. मी तो वाडीतल्या मेस्त्रींकडे घेऊन गेलो आणि म्हटलं, काका, याला बेरिंग घालूया, मऊ चालेल.

त्यांनी गाडा उलटा करून पाहिला. "बेरिंग कित्याक? तेका पळवूचा नाय हा. चाक पळाला तर पोर पडतला."

मी आठ सेमिस्टर मशीन डिझाइन, किनेमॅटिक्स वगैरे शिकलो आहे. घर्षण म्हणजे तोटा, तो कमी करायचा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की लाकडी भोकात घासणारा लाकडी कणा हाच या गाड्याचा ब्रेक आहे, हे मला सुचलं नव्हतं. पांगुळगाड्यात बसायला जागा नाही. मूल त्याच्यामागे स्वतःच्या पायांवर उभं असतं. त्याने पाऊल टाकलं तर गाडा तेवढाच सरकतो, थांबलं की थांबतो. इंजिन मूल आहे, आणि गाड्याचं काम त्या इंजिनाला किंचित विरोध करत राहण्याचं. सारवलेल्या जमिनीचा खडबडीतपणा हा त्या डिझाइनचाच भाग होता. आपण जमीन बदलली आणि गाड्याला दोष दिला.

मराठीत मात्र या वस्तूची बदनामीच जास्त. अग्रलेखात सरकारी मदतीचा पांगुळगाडा येतो, अनुदानाचा पांगुळगाडा येतो, म्हणजे ज्याच्यामुळे माणूस स्वतःच्या पायावर उभा राहत नाही असं काहीतरी. ज्यांनी हा वाक्प्रचार रूढ केला त्यांनी मुलाला पांगुळगाडा ढकलताना नीट पाहिलं नसावं. इंग्रजीतली गंमत याच्या उलट आहे. 'गो-कार्ट' या शब्दाचा सतराव्या शतकातला अर्थ हाच, मुलाला चालायला शिकवणारी चाकांची चौकट. रेसिंगच्या कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आल्या आणि शब्द त्यांनी पळवला. तिकडेही ही वस्तू जुनीच आहे. साधारण १४४० च्या सुमाराचं, नेदरलँड्समध्ये तयार झालेलं एक सचित्र प्रार्थनापुस्तक आहे, कॅथरीन ऑफ क्लीव्ह्ज या उमराव बाईसाठी बनवलेलं. त्यातल्या एका चित्रात जोसेफ लाकूड रंधतोय, मेरी विणतेय आणि बाळ येशू चाकांच्या लाकडी चौकटीत उभा आहे. ते चित्र ताईला दाखवलं, तर ती बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, सुताराचंच पोर ते, घरचा गाडा असणारच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, मी सावंतवाडीला गेलो. मोती तलावाकडून चितार आळीत शिरलं की दोन्ही बाजूंना लाकडी आंबे, केळी, फणस, भातुकली, डुलणारे घोडे, पाट. ही आळी चितारी कारागिरांच्या नावाची. लाकूड कातायचं, त्यावर लाखेचे रंग चढवायचे, चित्रं काढायची, हे सगळं त्यांच्याकडे. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा या कलांना आश्रय होता. जुन्या खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरत. आपल्याकडे मिरीचे वेल चढवायला किंवा कुंपणाला लावतात तोच तांबड्या फुलांचा पांगारा. हलका, मऊ, कातायला सोपा आणि पोराच्या डोक्यावर आपटला तरी फार लागत नाही. (पांगारा आणि पांगुळगाडा यांचा शब्द म्हणून संबंध नाही. पांगुळ म्हणजे पांगळा. मलाही आधी वाटला होता.)

सावंतवाडीबद्दल वाचायला गेलात तर गंजिफाबद्दल भरपूर मिळतं. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या कापडाचे गोल पत्ते, त्यांवर दशावतार. ही कला जवळजवळ संपली होती आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी उतारवयातल्या कारागिराकडून ती शिकून घेत राजवाड्यात पुन्हा सुरू केली. ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण गंजिफा राजे खेळत, म्हणून पेट्यांत जपल्या गेल्या. पांगुळगाडा पाच पोरं वापरतात आणि चाक तुटलं की तो चुलीत जातो. त्यामुळे त्याचा इतिहास लिहायचा तर वस्तूच हाताशी राहत नाही. आळीतल्या एका दुकानात नवा पांगुळगाडा होता, रंग झळझळीत. दुकानदारांना विचारलं, चाक मुद्दाम घट्ट ठेवता का? ते म्हणाले, पूर्वी नवीन गाडा घट्टच असायचा, वापरून सैल व्हायचा, तोवर पोर चालायला लागलेलं असायचं. आता गिऱ्हाईकच म्हणतं, सुटसुटीत चालू दे.

या वाक्यावर मी परतीच्या एसटीत कुडाळपर्यंत विचार करत होतो. गाडा झिजत जाऊन सैल होतो आणि मूल त्याच वेळात तयार होतं. हे कोणी ठरवून केलं नसेल, पण असलं डिझाइन मला ऑफिसात सहा महिने देऊनही जमणार नाही.

बाबागाडीचा वंश पूर्ण वेगळा आहे. शब्दच पाहा. इकडे गाडा, तिकडे गाडी. इकडे पांगुळ, तिकडे 'बाबा', आणि हा बाबा म्हणजे बाप नव्हे. साहेबाच्या बंगल्यावरचे नोकर साहेबाच्या पोरांना बाबा, मिसीबाबा म्हणत. ती गाडी आया ढकलायची. आपल्या भाषेत हा शब्द तिथूनच आला असावा असं मला वाटतं. गाडीत बसणारं मूल आणि गाडी ढकलणारं माणूस वेगवेगळ्या वर्गातलं, ही गोष्ट तिच्या जन्मापासूनची आहे. १७३३ मध्ये विल्यम केंट या बागा आखणाऱ्या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती बकरीला किंवा छोट्या तट्टाला जुंपायची होती. इंजिन बकरी, प्रवासी ड्यूकचं पोर.

आपल्याकडे याहून जुनी आणि याहून चांगली गोष्ट आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचं नावच मुळी मातीच्या गाडीवरून आहे. देवलांनी ते एकोणिसाव्या शतकात मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या पोराच्या सोन्याच्या गाडीशी खेळला आहे. ती परत गेली आणि आता दासी त्याला मातीची देऊन समजावतेय. पोरगं रडतंय, वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. शाळेत हा प्रसंग मला भाबडा वाटला होता. आता ताईच्या बाबागाडीची किंमत कळल्यावर तो अर्थशास्त्राचा धडा वाटतो.

'कन्व्हर्टिबल' हा शब्द मात्र नवा नाही. बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८ जून १८८९ रोजी एक पेटंट मिळवलं. त्याच्या बाबागाडीतली टोपली फिरवून बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे करता यायचं. आणि चाकं स्वतंत्र फिरायची, त्यामुळे गाडी जागच्या जागी वळायची. ताईच्या गाडीचे निम्मे फीचर १८८९ चे आहेत, हे मी तिला सांगितलं. तिला ते फारसं आवडलं नाही.

पुढची उडी ओवेन मॅक्लारेनची. हा विमानांचा इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांत मिटणाऱ्या चाकांवर काम केलेला. त्याची मुलगी मॉस्कोहून लहान नातीला घेऊन घरी आली, अवजड बाबागाडी ओढत. आजोबाने ते पाहिलं आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंहून हलकी गाडी बनवली. १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९६७ पासून उत्पादन. परदेशातून आलेली लेक, अवजड गाडी आणि घरातला इंजिनिअर, इथपर्यंत आमची गोष्ट तंतोतंत तीच होती. फरक पुढे आहे. त्याच्या घराबाहेर रस्ता होता.

मी गणित करून पाहिलं. १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक ५ सेंटिमीटरच्या उंबऱ्यावर चढवायचं, तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळपास २.८ पट जोर आडवा लावावा लागतो. चाक ३० सेंटिमीटरचं केलं तर १.१ पट पुरतो. पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की कितीही आडवं ढकला, ते चढत नाही. आमच्या पाखाडीची पायरी त्या छोट्या चाकाच्या त्रिज्येच्या दुप्पट आहे. कोकणात मूल कडेवर, पाठीवर, खांद्यावर का वाढलं याला ममता हे एक कारण असेल, पण जांभ्याच्या पायऱ्या हे दुसरं आहेच.

तरीही मला एक गाडी करायची होती. खरं सांगायचं तर मला ताईला दाखवायचं होतं की मी काहीतरी नीट करू शकतो. कल्पना अशी: पांगुळगाडाच, पण मूल चालून दमलं की त्यावर बसेल आणि पायाने रेटत जाईल आणि त्यालाही कंटाळलं की मोठ्या माणसाने न्यायचं. तीन अवस्था, एक वस्तू. कागदावर दोन संध्याकाळी गेल्या आणि सगळे आकडे एकमेकांशी भांडायला लागले. चालताना चाक घासलं पाहिजे. बसून पायाने रेटताना ते सुटलं पाहिजे, नाहीतर नऊ किलोच्या पोराला हलणारच नाही. (पायाने रेटायची गाडी हास्यास्पद वाटत असेल तर १८१७ आठवा. कार्ल ड्राइसने जर्मनीत काढलेली सायकलची पहिली आवृत्ती बिनपेडलची होती, मोठी माणसं तिच्यावर बसून पायांनी रेटत जात.) मोठ्या माणसाने ढकलायची गाडी दांडा दाबला की मागे कलली पाहिजे, तरच पुढचं चाक उचलून उंबरा ओलांडता येतो. आणि पोराने धरून उभं राहायची गाडी मागे कलता कामा नये, नाहीतर त्याच्याच अंगावर येते.

बाजारात ही भांडणं कशी मिटवतात ते बघायला मागे दांडा असलेली तीनचाकी पाहा. पुढच्या चाकाला पेडल थेट जोडलेलं. पालक मागून ढकलतो तेव्हा पेडलही फिरतं आणि मुलाच्या नडगीवर आपटतं. म्हणून चांगल्या गाड्यांत पेडल चाकापासून सोडवायची कळ असते, पाय ठेवायला घडीची पट्टी असते. स्वस्त गाडीत दोन्ही नसतात. गाडीचं रूप बदलणं सोपं आहे. इंजिन बदललं की जुन्या इंजिनाचं काय करायचं, हा प्रश्न असतो.

मेस्त्रींनी माझा कागद पाहिला आणि ढकलायचा लांब दांडा पेनाने खोडला. त्याऐवजी पुढे सुंभाची दोरी: मोठ्या माणसाने ओढायचं, तेही फक्त खळ्यात. आडव्या दांड्याच्या पुढे एक काढघाल करता येणारी फळी बसवली. मूल दांड्याला पाठ लावून बसतं, त्रिकोणाचं निमुळतं नाक दोन पायांच्या मधे येतं आणि तळवे जमिनीला टेकतात. फळीची उंची आम्ही भाचीला उभं करून मोजली, २१ सेंटिमीटर. आणि घर्षणासाठी मागच्या कण्यात एक लाकडी पाचर. पाचर ठोकली की चाक घासतं, चालायचा गाडा. काढली की सुटतं, बसायची गाडी. पाचर किती ठोकायची हे मी विचारलं, मनात न्यूटन वगैरे होतं. मेस्त्री म्हणाले, "दोन बोटांनी ढकलून बघ. गेलो तर घट्ट कर."

चार दिवस ती गाडी फार सुंदर चालली. भाची पडवीत पांगुळगाडा ढकलायची, कुरकुर व्हायची, दमली की मी पाचर काढायचो, फळी लावायचो. पडवीच्या पायरीला मी तोवर लाकडी आडकाठी बसवली होती. पाचव्या दिवशी ताईने फळी काढून भाचीला उभं केलं आणि पाचर परत ठोकायची राहिली. गाडा सुटला. भाची पालथी पडली, हातांवर. लागलं नाही. पण ताईने पाचर उचलून माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "तू कोड लिहितोस ना? ही अवस्था कोणी विसरेल हे तुला दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं. उपाय काय तेही मला माहीत होतं: फळी धरून ठेवणारी खुंटी आणि कण्याची पाचर एकमेकींना अशा अडकवायच्या की पाचर आत गेल्याशिवाय फळी निघूच नये. मी त्याचं चित्र काढत बसलो असतानाच आईने हातोडी घेतली, पाचर पुरती आत ठोकली, वरचं टोक कापून टाकलं आणि फळी माळ्यावर ठेवली. दोरी तिने कपडे वाळत घालायला घेतली.

भाची जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकटी चालली, पडवीच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. गाडा तेव्हा मागेच उभा होता, कोणाचं लक्ष नव्हतं. महिनाअखेर ताई परत गेली. सतरा पायऱ्या भाची कडेवर, बाबागाडी माझ्या डोक्यावर. तिच्या जाळीला कोकमाचा लाल डाग पडला होता, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने यंदाच्या मे महिन्याची चौकशी केली. तिकिटं काढलीस का, किती दिवस राहणार, पोरगी काय खाते. मग फोन ठेवता ठेवता विचारलं, "आणि ती गाडी आणतलस मा?"